तेराव्यानंतरचा शेजार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील निधनवार्तांचे पान मी रोज सकाळी सर्वांत आधी उघडते. ही सवय मला शाळेत शिकवत असतानाच लागली, कारण वर्गातला एखादा मुलगा आठ-दहा दिवस का आला नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्या पानावर मिळत असे. या वार्तांचा शेवट ठरलेला असतो : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी असा परिवार आहे. दशक्रिया विधी अमुक दिवशी सकाळी आठ वाजता रामकुंड, पंचवटी येथे होईल.’ गेल्या श्रावणात याच पानावर माझ्या भिंतीपलीकडच्या घरातली वार्ता छापून आली. त्या शेवटच्या ओळीनंतर त्या घरात काय झाले आणि आम्ही शेजाऱ्यांनी काय केले नाही, हे सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नवीन नाशिकमध्ये, म्हणजे अजूनही सगळे ज्याला सिडको म्हणतात त्या भागात राहते. आमची घरे एकमेकांना लागून आहेत आणि दोन घरांत भिंत एकच. पलीकडच्या कुकरची शिट्टी, पाण्याची मोटर, पहाटेची फोडणी सारे अलीकडे कळते. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत नोकरी लागलेली माणसे धुळे, मालेगाव, येवला, संगमनेर अशा ठिकाणांहून आली, हप्ते फेडून त्यांनी ही घरे आपली केली आणि गावाकडचे नातेवाईक लांब राहिल्यामुळे शेजाऱ्यांनाच नाती लावली. मला सारी गल्ली ‘बाई’ म्हणते. पलीकडच्या घरातले गृहस्थ सर्वांचे ‘भाऊ’, म्हणून त्यांची पत्नी आमची ‘वहिनी’. भाऊ अंबडच्या एका कारखान्यात होते. पहिल्या पाळीला जाण्यासाठी बूट घालत असतानाच त्यांच्या छातीत कळ आली आणि रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत सारे संपले. वय ५२. मुलगी बारावीला, मुलगा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला.

पहिल्या तेरा दिवसांबद्दल आमच्या गल्लीला कोणी बोल लावू शकणार नाही. निरोप देणे, दाखला आणणे, तिरडीचे सामान, गावाकडच्या पाहुण्यांची उतरण्याची सोय, सारे न सांगता झाले. त्या घरात चूल पेटली नाही, म्हणून एका घरातून पिठले-भाकरी, दुसऱ्या घरातून मुगाची खिचडी असे आळीपाळीने जेवण जात राहिले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गल्लीतली सोळा माणसे होती. अस्थी रामकुंडावर नेल्या. साऱ्या देशातून लोक ज्या पाण्यात आपल्या माणसाच्या अस्थी सोडायला येतात ते पाणी आपल्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, याचे अप्रूप आपल्या घरात कोणी जाईपर्यंत आपल्याला वाटत नाही.

दहाव्याला पिंड मांडले आणि कावळा शिवेना. अर्धा तास गेला. मुलगा ओल्या पंच्याने थरथरत उभा होता. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. भावकीतल्या एकाने शेताचे सांगितले, एकाने आईचे सांगितले, कावळे झाडावरच. मग आमच्या गल्लीतले एक ज्येष्ठ गृहस्थ पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “भाऊ, पोरांची आन् वहिनीची काळजी करू नका. आम्ही हायेत शेजारी. आम्ही बघू.” थोड्याच वेळात कावळा उतरला. कावळ्यावर कोणाचा विश्वास असो वा नसो, तो शब्द तिथे उभ्या असलेल्या आम्ही साऱ्यांनी ऐकला आणि माना हलवून तो आपलाही मानला. घाटावर बायका फारशा जात नाहीत, पण वहिनीला एकटे वाटू नये म्हणून मी गेले होते. म्हणून त्या शब्दाची मी साक्षीदार आहे.

तेराव्याला गोड जेवण झाले, टॉवेल-टोप्यांचा आहेर झाला, मांडव उतरला. चौदाव्या दिवशी सकाळी मुलगा आयटीआयला गेला, मुलगी क्लासला गेली, आणि गल्लीतला प्रत्येक जण आपापल्या कामाला लागला. आम्ही कोणी ठरवून पाठ फिरवली नाही. आपल्याकडे जाण्याला निमित्त लागते आणि ती निमित्ते संपली, एवढेच झाले. दहा दिवस ज्या दारातून चपलांच्या राशीमुळे आत शिरता येत नव्हते, त्या दारात आता तीन चपलाजोड दिसू लागले आणि दार लोटलेले राहू लागले.

माझ्या लक्षात पहिली गोष्ट आली ती फोडणीची. भाऊंचा डबा पहाटे साडेपाचला व्हायचा आणि तो वास वर्षानुवर्षे माझ्या उठण्याची वेळ होता. तो बंद झाला. मला ते जाणवले, रोज जाणवले, तरी मी गेले नाही. गेले तर भाऊंचा विषय निघेल, विषय निघाला की ती रडेल, उगाच खपली कशाला काढायची, असे मी स्वतःला समजावत राहिले. माझे यजमान जाऊन आता सोळा वर्षे झाली आहेत. म्हणजे ज्या बाईला हे सर्वांत आधी कळायला हवे होते ती मी होते, आणि मीच भिंतीच्या अलीकडे बसून होते. दारात भेट झाली की ‘पाणी आले का’, ‘गॅस मिळाला का’ असे काहीतरी विचारायचे आणि पुढे जायचे, असे अडीच महिने चालले.

दिवाळीत तर आम्ही साऱ्यांनीच एक गोष्ट केली, जी आठवली की मला अजून अस्वस्थ वाटते. दुःख झालेल्या घरात पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजारचे नेऊन देतात, ही आपली चांगली रीत आहे. त्याप्रमाणे त्या घरी नऊ घरांतून नऊ ताटे गेली. प्रत्येकीने ताट दारात दिले, रिकामे ताट घेतले आणि ती परतली. नऊ जणींपैकी आत जाऊन बसले कोणी नाही. मी त्या नवांतली एक आहे. मुलीने नंतर मला सांगितले की त्या दिवशी ओट्यावर करंज्यांचा ढीग पडला होता आणि आई त्याच्याकडे पाठ करून भिंतीला टेकून बसली होती.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी मुलीने माझे दार वाजवले. “बाई, आई दोन दिवस झाले उठलीच नाही,” एवढेच म्हणाली. मी गेले. वहिनी अंथरुणात जागी होती. डॉक्टरांना बोलावले तेव्हा रक्तदाब फार वाढलेला निघाला. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला भाऊ कामावरून येताना आणायचे. ते गेल्यावर आहे तेवढी पाकिटे संपली आणि तिने पुन्हा आणल्याच नाहीत. कोणी विचारलेच नाही, तर सांगणार कोणाला? मी तिच्या उशाशी बसून होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाई, तुम्ही समद्यांनी त्यांचं नाव घेणंच बंद केलं. ते या गल्लीत व्हतेच का नाय, असं वाटाया लागलं मला.” मग मी भाऊंचे बोलू लागले. पहिल्या वर्षी आमच्या टाकीची गळती त्यांनी कशी काढली, गणपतीच्या आरतीत त्यांचा सूर नेहमी सर्वांच्या पुढे कसा धावायचा, असे काहीबाही. ती रडली, खूप रडली, आणि रडून झाल्यावर उठून तिने चहा टाकला. ज्या रडण्याला मी अडीच महिने भीत होते, ते इतकेच होते.

पुढच्या आठवड्यात समोरच्या घरातले निवृत्त बँक कर्मचारी माझ्याबरोबर आले आणि त्यांनी भाऊंची कागदपत्रांची पिशवी जमिनीवर उपडी केली. पासबुक उलटताना त्यांचे बोट एका नोंदीवर थांबले : मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा तो वार्षिक हप्ता. त्यातून मिळणारे विम्याचे २ लाख रुपये त्या घरात कोणाला माहीतच नव्हते. नोकरीत असताना कामगार गेला तर भविष्य निर्वाह निधीबरोबर कर्मचारी ठेव संलग्न विमा योजनेची रक्कमही वारसाला मिळते, ती जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत असते. १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेतून पत्नीला दरमहा निवृत्तिवेतन मिळते, आणि त्याखेरीज दोन मुलांना, ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत, पत्नीच्या निवृत्तिवेतनाच्या प्रत्येकी २५ टक्के मिळतात. यातले काहीही वहिनीने मागितले नव्हते. तोपर्यंत ती पतपेढीच्या हप्त्यांसाठी पाटल्या मोडायच्या विचारात होती. उशीर झाला होता, तरी अर्ज गेले, विम्याचे पैसे मिळाले. हे सारे काम दोन माणसांच्या चार दुपारींचे होते. अमरधामात सोळा माणसे आली होती. या कामाला दोन हवी होती आणि ती तीन महिन्यांनी आली.

संपादक महाराज, जुन्या नाशिकमध्ये हे असे नव्हते, असे मी सरसकट म्हणणार नाही, कारण वाड्यांतही भांडणे होती आणि सोवळे-ओवळे तर फारच होते. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझे बालपण तांबट लेनजवळच्या एका वाड्यात गेले. मी बारा वर्षांची असताना वडील गेले. त्या दिवशी त्यांना नेईपर्यंत गल्लीत तांब्या-पितळेवर पडणारे हातोडे थांबले होते; जन्मापासून ऐकलेला तो ठणठणाट बंद झाल्यामुळेच काहीतरी भयंकर घडले आहे, हे मला आधी कळले. पण मला सांगायचे आहे ते त्या दिवसाचे नाही. दिवस झाल्यावर समोरच्या खोलीतल्या एक आजी रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागल्या. येताना स्वतःचे सूप आणि स्वतःचे निवडायचे तांदूळ किंवा डाळ घेऊन यायच्या. आईसमोर बसायच्या, निवडायच्या. आईही मग नकळत त्यांच्या सुपात हात घालायची. कधी वडिलांचे बोलणे निघायचे, कधी एक शब्दही नाही. देवाजवळ दिवा लागला की सूप उचलून जायच्या. पावसाळा संपला, थंडी आली, तरी त्या येत होत्या. त्यांच्या एवढ्याशा घरात निवडण्याजोगे इतके धान्य रोज कुठून असणार, हा विचार मला फार मोठी झाल्यावर सुचला. तिन्हीसांजेची ती वेळ वडिलांची दुकानातून घरी येण्याची होती.

त्या आजींना जे कळले होते ते आपल्या शास्त्रकारांनाही कळले असावे. शास्त्राने मृताच्या नावाने पहिले वर्षभर दर महिन्याला मासिक श्राद्ध सांगितले आहे. सपिंडीकरण, म्हणजे मृताला पितरांत सामील करण्याचा विधी, मुळात वर्ष सरताना करायचे; ते सोयीसाठी बाराव्या दिवशी उरकण्याची प्रथा पडली, आणि आता तर नोकरीतल्या रजेच्या हिशेबाने सारेच पाच दिवसांत आटोपणारी घरेही पाहते आहे. विधी किती करावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि मी त्यात पडत नाही. माझी हळहळ वेगळी आहे. मासिकाच्या निमित्ताने महिन्यातून एकदा चार माणसे त्या घरी येत, गेलेल्याचे नाव घेत, पानावर त्याच्या आवडीचा पदार्थ वाढत. विधी गेला तसे ते येणेही गेले. आमच्या गल्लीतल्या मुसलमान कुटुंबात चाळिसाव्यापर्यंत येणे-जाणे चालू असते आणि पती गेलेल्या बाईसाठी चार महिने दहा दिवसांचा काळ वेगळा मानलेला असतो. दुःखाला दिवस लागतात, हे कोणत्याही धर्माला नव्याने सांगावे लागत नाही.

वैद्यकशास्त्राचेही तेच म्हणणे आहे. १९६९ साली ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५५ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षे मागोवा घेतला होता. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ दगावले. त्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला आजार म्हणून स्थान आहे, पण किमान सहा महिने उलटल्याखेरीज तसे निदान करायचे नाही, अशी अटही आहे. म्हणजे सहा महिने माणूस दुःखात बुडालेला असणे हे डॉक्टरही स्वाभाविक धरतात. आपण मात्र महिन्याभरात ‘आता सावरायला हवे’ म्हणू लागतो, आणि तेही रस्त्यात उभ्या उभ्या.

आणखी एका कारणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, या शहराने जे पाहिले ते आपण सर्वांनी मिळून विसरायचे ठरवले आहे, असे मला वाटते. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या महिन्यांत किती घरांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही, खांदा देता आला नाही, दहाव्याला रामकुंडावर जाता आले नाही. तेव्हा घरी न जाणे हीच काळजी होती, ते बरोबर होते. पण नंतर आपण त्या घरी गेलो का? आमच्या मागच्या गल्लीतल्या अशा एका घरी मी या वर्षी प्रथमच गेले. तिथल्या माउलीने आत जाऊन मुलाचा फोटो आणला आणि माझ्या हातात दिला. तिचा मुलगा गेला त्याला इतकी वर्षे झाली, पण त्याच्या दुःखावर बसायला घरात आलेली मी पहिलीच होते. लांबूनच हात जोडण्याची तेव्हा लागलेली सवय आजार गेल्यावरही आपल्या अंगात राहिली आहे.

वहिनीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेळेत झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे गल्लीत फिरू लागले तेव्हा तिचे दार वगळले जाणार, हे मला ठाऊक होते. सोळा वर्षे माझे वगळले गेले आहे आणि मी ते मुकाट्याने सोसले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवांवरच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव गावाने केला, पण रीत पाळते किंवा मोडते ती शेजारीण. म्हणून या वर्षी मी बोलले. दोघींनी नाक मुरडले, बाकीच्या तयार झाल्या. वहिनी आली, दाराजवळ बसली, अर्ध्या तासाने आत सरकली. तिने कुंकू लावून घेतले नाही, तिळगूळ घेतला आणि सर्वांना दिला. तिला जे नको ते तिने नाकारावे, तो तिचा हक्क. पण बोलावणे जायलाच हवे होते.

आपल्या दैनिकाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. निधनवार्तेच्या पानावर आठवड्यातून एकदा तरी एक लहान चौकट छापावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी आणि दाखल्याच्या पुरेशा प्रती घ्याव्यात. पासबुकात ४३६ किंवा अपघात विम्याचे २० रुपये कापल्याची नोंद आहे का पाहावे. कामगार असेल तर निधी, विमा आणि निवृत्तिवेतन या तिन्हींचे अर्ज करावेत. मन फारच खचले असेल तर शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीत बोलता येते, एवढे त्यात असावे. दुःखातले घर ती चौकट कदाचित वाचणार नाही, शेजारी वाचतील. दुसरी मागणी अशी की निधनवार्ता द्यायला येणाऱ्यांना आपल्या कार्यालयात दशक्रियेची तारीख विचारली जाते, तसे ‘महिन्यानंतर भेटायला कोणत्या वेळी यावे’ हेही विचारावे आणि घरच्यांची हरकत नसेल तर ती एक ओळ छापावी. निमित्त नसले की आपले पाय अडतात. छापील ओळीचे निमित्त पुष्कळांना पुरेल.

वहिनी आता सकाळी उठते, मुलाचा डबा करते आणि साडेसहाच्या सुमारास भिंतीपलीकडून फोडणीचा वास येतो. मुलीची बारावीची परीक्षा झाली. रामकुंडावर शब्द देणारे गृहस्थ परीक्षेच्या प्रत्येक दिवशी तिला स्कूटरवरून केंद्रावर सोडून आले. त्यांना कोणी आठवण करून दिली नव्हती. मी संध्याकाळी सहाला वहिनीकडे जाते. भाऊंच्या पहिल्या पाळीनंतर बाजार करून घरी यायची साधारण तीच वेळ. सूप माझ्याकडे राहिलेले नाही आणि डाळ-तांदूळ हल्ली निवडलेलेच येतात, म्हणून मी मेथी नाहीतर शेंगा घेऊन जाते.

तिचे माहेर खानदेशातले. अक्षय तृतीया, म्हणजे त्यांची आखाजी, पुढच्या आठवड्यात आहे आणि भाऊंच्या नावाची घागर या वर्षी प्रथमच भरायची आहे. सासरचे कोणी येऊ शकणार नाही, असा निरोप काल आला. घागर कुंभाराकडून मी आणणार आहे, सांजोऱ्या समोरच्या घरातून येणार आहेत, आणि या वेळी ताटे दारात द्यायची नाहीत, असे आम्ही नऊ जणींनी ठरवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
सावतानगर, नवीन नाशिक